आठ दिवसांचे पाहुणे



उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर एक देखावा नेहमी पाहायला मिळतो, असे तिकडे राहणारी आपली माणसे सांगतात. पंधरा-वीस जणांचा एक जथा असतो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट. त्यात शाळा-कॉलेजातली मुले-मुली, एखादी परिचारिका, एखादा सुतार, एखादे निवृत्त जोडपे, आणि बरोबर त्यांचे पाळक. ही एका चर्चची मंडळी. निघाली आहेत परदेशी सेवाकार्याला. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, कधी केनिया. तिथे आठ-दहा दिवस राहायचे, एखादे घर किंवा शाळेची खोली बांधायची, मुलांना गाणी आणि बायबलातल्या गोष्टी शिकवायच्या, आजाऱ्यांची विचारपूस करायची आणि परत यायचे. तिकडे याला ‘अल्पकालीन मिशन’ असे नाव आहे. रॉबर्ट वुथनाऊ नावाचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून असा अंदाज निघाला की अमेरिकेतल्या चर्चांची सुमारे सोळा लाख प्रौढ माणसे दर वर्षी अशी परदेशी जातात. आणि मुक्काम किती दिवसांचा? साधारणपणे आठ दिवसांचा.

आता तुम्ही म्हणाल, हा विषय आमच्यासाठी कशाला? अमेरिकेतले चर्च आणि होंडुरासमधले खेडे, यांच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मी पुढे सांगणारच आहे. पण आधी थोडे मागे जाऊ.

पूर्वी मिशनरी म्हणजे आठ दिवसांचा पाहुणा नव्हे. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१२ च्या फेब्रुवारीत जहाजात बसला आणि मुंबईला पोहोचला १८१३ च्या फेब्रुवारीत. वर्ष गेले वाटेतच! इथे आल्यावर त्याने मराठीचा अभ्यास केला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर वर्षानुवर्षे खपला, आणि १८२६ साली गावोगाव फिरत असताना पटकीने वारला. त्याच्या धर्ममताशी आपण सहमत असू वा नसू, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्या लोकांत काम करायचे त्यांची भाषा शिकल्यावाचून आणि त्यांच्यात राहिल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढे विमाने आली आणि वर्षाचा प्रवास दिवसावर आला. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर नावाचा एक विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन धार्मिक पुस्तके वाटायला मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे एक मोठी संघटना उभी राहिली. १९६० साली तरुणांना अशाच कामाला पाठवणारी दुसरी एक संस्था निघाली. नोकरी न सोडता, घर न मोडता, सुट्टीपुरते मिशनरी होता येते ही कल्पना तिथून फोफावली आणि गावोगावच्या चर्चांनी ती उचलली.

अशा पथकाचा अनुभव कसा असतो? तयारी सहा-सहा महिने चालते. मुले मोटारी धुऊन पैसे जमवतात, बायका केक करून विकतात, आप्तेष्टांना पत्रे जातात. पासपोर्ट काढायचे, लसी टोचून घ्यायच्या. निघण्याच्या आधीच्या रविवारी सारे चर्च उभे राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मग ते दूरचे गाव. पहिल्या दिवशी उकाडा, डास, पाणी उकळून प्यायची धांदल. दुसऱ्या दिवसापासून विटा वाहणे, माल कालवणे, भिंतीला रंग देणे. संध्याकाळी मुलांबरोबर चेंडू खेळणे. भाषा येत नाही, पण हसणे तर येते! ज्यांच्या घरात दोनच कोंबड्या, ते त्यातली एक पाहुण्यांसाठी कापतात. शेवटच्या दिवशी निरोपाची उपासना होते आणि दोन्हीकडची माणसे रडतात. परत आल्यावर पथकातला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो, ‘आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच अधिक आलो.’

श्रोतेहो, हे अश्रू खोटे नाहीत बरं का. आपल्या पैशाने, आपली सुट्टी खर्चून, अनोळखी माणसासाठी घाम गाळायला निघणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्याची टवाळी करण्यासाठी मी बोलत नाही. पण ‘घेऊनच अधिक आलो’ या वाक्यापाशी मात्र थोडे थांबायला हवे. पाहुणा जर जास्त घेऊन गेला, तर यजमानाच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न एका माणसाने नेटाने लावून धरला. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ नावाचे चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर आले. दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. होंडुरासमध्ये डोंगर खचले, गावेच्या गावे वाहून गेली. मदतीला अमेरिकेतून चर्चची पथके धावली आणि घरे बांधू लागली. कर्ट व्हर बीक हे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाचे प्राध्यापक, स्वतः श्रद्धावान आणि होंडुरासमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले. त्यांनी घर मिळालेल्या कुटुंबांना विचारले, पाहुण्यांनाही विचारले. काही घरे परदेशी पथकांनी बांधली होती, तर काही होंडुरासमधल्याच संस्थांनी. कुटुंबांच्या जीवनावर झालेल्या परिणामात दोहोंमध्ये काही फरक त्यांना आढळला नाही. खर्चात मात्र आढळला. पथकाचे विमानभाडे वगैरे सगळे धरून एका घराला सुमारे ३०,००० डॉलर लागले. तिथल्या स्थानिक ख्रिस्ती संस्थेला तसेच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधता येत होते. म्हणजे एका घराच्या पैशांत पंधरा घरे! आणि तीही तिथल्याच गवंड्यांच्या हातून, ज्यांचा रोजगार वादळाने बुडाला होता.

यावर पथकातली मंडळी म्हणतात, ‘नुसते पैसे पाठवून माणसे जवळ येत नाहीत. आम्ही परतल्यावर आयुष्यभर त्यांच्यासाठी काहीतरी करू.’ व्हर बीक यांनी तेही तपासले. परतल्यावर देणगी देण्यात, प्रार्थनेत, एकंदर राहणीत टिकून राहिलेला बदल फार थोडा निघाला. भावना खरी होती, पण तिच्या पाठीशी पुढची व्यवस्था नव्हती. म्हणून ती ओसरली.

आता मघाशी म्हटलेला संबंध सांगतो. आपल्या महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिचे विशेष शिबिर असते सात दिवसांचे. अमेरिकेतल्या मंडळींपेक्षा एक दिवस कमी, एवढाच फरक! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी नुकताच कार्यक्रम अधिकारी झालो होतो. मोठ्या उमेदीने पन्नास मुले घेऊन आम्ही एका गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही. शाळेच्या बाहेरची भिंत आम्हाला कळकट दिसली. मुलांनी एका दिवसात ती चुन्याने पांढरीशुभ्र केली आणि तिच्यावर स्वच्छतेची, साक्षरतेची घोषवाक्ये रंगवली. समारोपाला पाहुणे आले, त्यांनी कौतुक केले, फोटो निघाले. माझी छाती फुगली.

तीन वर्षांनी तालुक्याच्या एसटी स्टँडवर तिथले गुरुजी भेटले. चहा घेताना भिंतीचा विषय मीच काढला. गुरुजी थोडे घुटमळले. मग म्हणाले, “सर, राग मानू नका. त्या भिंतीवर मी बाराखडी, तिसापर्यंतचे पाढे आणि तालुक्याचा नकाशा काढला होता. पदरचे पैसे घालून. रंग उडाला होता खरा, पण पोरं येता-जाता वाचायची.”

मी सुन्न झालो. म्हटले, “गुरुजी, अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?”

ते हसून म्हणाले, “तुम्ही पाहुणे होता. पोरं उन्हात राबत होती. पाहुण्याला कोण बोलणार?”

मंडळी, होंडुरासच्या खेड्यातला माणूसही याच कारणाने बोलत नाही. पाहुण्याचा मान राखायची रीत त्याच्याकडेही आहे. शिवाय मदत घेणाऱ्याला एक भीती असते. आज नाही म्हटले तर उद्या कोणी येणारच नाही! म्हणून पाहुण्याने केलेली वेडीवाकडी भिंत तो गोड मानून घेतो आणि पाहुणा समाधानाने घरी जातो. अशी मदतीतली चूक उघडकीलाच येत नाही.

कधी कधी चूक भिंतीपुरतीही राहत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भयंकर भूकंप झाला. अमेरिकेतल्या चर्चमधून गेलेल्या एका दहा जणांच्या पथकाने तेहतीस मुले गोळा केली आणि शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये न्यायला निघाले. ही मुले अनाथ आहेत असे त्यांचे म्हणणे होते. सरहद्दीवर पोलिसांनी अडवले. आवश्यक कागदपत्रे नव्हती. चौकशीत निघाले की त्यातल्या अनेक मुलांचे आईबाप जिवंत आहेत. शिक्षण मिळेल, चांगले खायला मिळेल, या आशेने त्यांनी पोटची पोरे परक्यांच्या हाती दिली होती. पथकाला तुरुंग पाहावा लागला. तिथल्या सरकारला, तिथल्या जाणत्या माणसांना न विचारता घाईने केलेल्या मदतीचा हा परिणाम.

मग काय, कोणी कोणाकडे जाऊच नये? इव्हान इलिच नावाच्या विचारवंत धर्मगुरूने १९६८ साली मेक्सिकोत जवळजवळ तसेच बजावले होते. उन्हाळ्यात खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच त्याने सांगितले की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका. त्याचे बोलणे कडक होते आणि त्यात पुष्कळ तथ्य होते. तरी मला ते पूर्णपणे पटत नाही.

का पटत नाही, ते आपल्याजवळच्याच उदाहरणाने सांगतो. मिरजेचे मिशन हॉस्पिटल तुम्हाला ठाऊक आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले आणि सुमारे चाळीस वर्षे इथे राहिले. त्यांनी शस्त्रक्रिया तर केल्याच, पण १८९७ साली वैद्यकीय शाळा काढून इथली मुलेही शिकवून तयार केली. अशा ठिकाणी बाहेरचा एखादा कुशल सर्जन आठ दिवसांसाठी आला तरी त्याचा उपयोग होतो. कारण नवव्या दिवशी टाके काढायला, ताप पाहायला, रोग्याशी त्याच्या भाषेत बोलायला तिथले डॉक्टर आणि नर्स हजर असतात. मोतीबिंदूच्या शिबिराचेही तसेच. डोळ्यावरची पट्टी सोडणारा कोणी मागे नसेल, तर शस्त्रक्रिया न केलेली बरी.

तेव्हा माझ्या मते विचारायचा प्रश्न ‘किती दिवस राहिलात’ हा नाही. ‘नवव्या दिवशी काय?’ हा आहे. तुम्ही गेल्यावर ते काम कोण सांभाळणार? ते काम गावाने मागितले होते की तुम्ही ठरवून आणलेत? आणि गावातल्या माणसाला जे करता आले असते, ते तुम्ही त्याच्या हातातून काढून तर घेतले नाही ना?

अमेरिकेतल्या जाणत्या ख्रिस्ती मंडळींनाही हे उमगले आहे. २००३ साली त्यांच्यातल्या काही संस्थांनी अशा दौऱ्यांसाठी सात मानदंड ठरवले. पाठवणारे आणि बोलावणारे यांनी मिळून आखणी करावी, जाणाऱ्यांना योग्य शिक्षण द्यावे, परतल्यावर पाठपुरावा करावा, हे त्यांत आहे. काही चर्चे आता दर वर्षी नवा देश शोधत नाहीत. एकाच गावाशी वर्षानुवर्षे नाते ठेवतात, तिथल्या पाळकाच्या सांगण्याप्रमाणे चालतात. आम्ही सेवेला नव्हे, शिकायला जातो, असे काहीजण मोकळेपणाने सांगतात. ते अधिक प्रामाणिक आहे.

शेवटी दोन शब्द माझ्या शिक्षक बंधुभगिनींना आणि गावकऱ्यांना. तुमच्या गावी शिबिरे येतात, संस्था येतात, कधी परदेशी मंडळीही येतात. त्यांचे स्वागत करा, पण स्वागताआधी बोला. काय हवे ते सांगा, काय नको तेही सांगा. नाही म्हटल्याने पाहुण्याचा अपमान होत नाही. उलट, त्याच्या घामाचे चीज होते.

आणि आम्ही जे शिबिरे घेऊन येतो, त्यांनी पहिला दिवस फावड्याला हात न लावता ऐकण्यात घालवावा. हल्ली मी तसेच करतो. दोन वर्षांमागे त्याच गावी आम्ही पुन्हा गेलो. गुरुजी आता निवृत्त झाले आहेत, तरी त्यांना बोलावून आणले. ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि मुले भिंतीवर बाराखडी, पाढे आणि तालुक्याचा नकाशा काढत होती. नकाशात एक ओढा चुकला होता. या वेळी मात्र गुरुजी लगेच उठले आणि मुलाच्या हातातला ब्रश त्यांनी स्वतःच्या हाती घेतला.