हाताची साक्ष



पत्रिकेत आमचा विषय 'स्नायूंची परीक्षा आणि आपले आरोग्य' असा छापला आहे. नाव भारदस्त आहे. प्रकार मात्र इतका सोपा की या मांडवात बसल्याबसल्याही करता येईल. एकाने हात खांद्याच्या रेषेत धरावा, दुसऱ्याने मनगटावर दाब द्यावा. हात टिकला तर शरीराचा होकार, खाली गेला तर नकार. दुसऱ्या हातात गूळ धरा, नाहीतर औषधाची गोळी. काय मानवते ते शरीरच सांगते, असे म्हणतात. कोणी जोडीला नसेल तर अंगठा आणि करंगळी यांचे कडे करावे व दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते उकलून पाहावे.

डेट्रॉइटच्या जॉर्ज गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणके दाबून उपचार करणाऱ्याने, 1964 साली ही पद्धत काढली. पुढे ती घरोघरच्या लोकांनी शिकावी अशी पुस्तके व शिबिरे निघाली. आम्ही वर्ध्याची सातआठ मंडळीही ती शिकलो, आणि मोठ्या हौसेने शिकलो. आपल्या जिल्ह्याचे पाणीच तसे आहे! 1936 साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले आणि मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, मोजका आहार यांचे प्रयोग तेथे चालले. कुष्ठरोगाने पीडलेल्या परचुरेशास्त्रींचे अंग ते स्वतः चोळीत. 'आरोग्य तुमच्या हाती' असे कोणी म्हटले की वर्धेकराचे मन आधीच निम्मे वळलेले असते.

पहिले काही आठवडे फार आनंदात गेले. वांगे कोणाला चालते, भात कोणाला चालत नाही, सारे निकाल हाताने दिले. आमच्यातल्या वहिनींचा हात सर्वांत बोलका. एके दिवशी त्यांनी मधुमेहाची गोळी मुठीत धरली आणि हात खाली गेला. पुन्हा धरली, पुन्हा गेला. आम्ही सारे भोवती होतो. एकानेही 'डॉक्टरांना विचारा' म्हटले नाही. वहिनींनी गोळ्या बंद केल्या. पंधरवड्याच्या आत घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि एका रात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वाचल्या. पण तो हात दाबणारे आम्हीच होतो, हे आम्ही येथे सांगितलेच पाहिजे.

त्यानंतर आम्हांला जे आधी सुचावयास हवे होते ते सुचले. साखरेने हात दुबळा होतो आणि मिठाने होत नाही, असा आमचा अनुभव होता. एका शिक्षकमित्राने वीस सारख्या पुड्या बांधल्या, निम्म्या साखरेच्या, निम्म्या मिठाच्या, आणि ते स्वतः बाहेर जाऊन बसले. आत कोणालाच काही ठाऊक नव्हते. नाणे उडवून जेवढी उत्तरे बरोबर आली असती, तेवढीच आली. पुड्यांवर नावे लिहिली, आणि हात पुन्हा बिनचूक बोलू लागला!

यात कोणी लबाडी करीत नव्हते. दाबणाऱ्याला उत्तर ठाऊक असले की दाब नकळत क्षणभर आधी किंवा किंचित जास्त पडतो. धरणाराही नकळत सैल सोडतो. मनातल्या अपेक्षेने स्नायू आपोआप हलतात, हे इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटरने 1852 मध्येच मांडले होते. प्लँचेटची वाटी त्यानेच सरकते. विहिरीची जागा दाखविणाऱ्या पाणाड्याची बेचकीही त्यानेच वळते, आणि त्या बेचकीवर भरवसा ठेवून आपल्याकडील शेतकऱ्याने कोरड्या खड्ड्यासाठी कर्ज काढावे, ही तर घरची गोष्ट. 1988 साली अमेरिकेत अनुभवी परीक्षकांनी शरीरातील पोषणद्रव्यांची स्थिती हाताने सांगून पाहिली. त्यांची उत्तरे एकमेकांशीही जुळली नाहीत आणि प्रयोगशाळेच्या तपासणीशीही नाहीत.

स्नायूंची खरी परीक्षाही आहे, तिचे नाव यात उगीच खराब होते. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या एकेका स्नायूत किती बळ उरले आहे, हे पाहण्यासाठी ती वाढली. स्नायू मुळीच हलत नसेल तर शून्य, स्वतःच्या वजनाविरुद्ध अवयव उचलता आला तर तीन, पुऱ्या दाबाला टिकला तर पाच. भौतिकोपचार करणारे आजही हे गुण मांडतात. ती परीक्षा स्नायूला फक्त स्नायूविषयीच विचारते, वांग्याविषयी नाही.

मग आमच्या मंडळींना काय मिळाले? रोज संध्याकाळी कोणीतरी आपला हात हातात घेतो, काय खाल्ले, झोप लागली का, हे विचारतो. घरात म्हाताऱ्या माणसाला एवढे विचारणारे किती असतात? त्या पायी हे शिकावेसे वाटले, हे आम्ही नाकारीत नाही. मंडळ आम्ही मोडले नाही. संध्याकाळी जमतो, सेवाग्रामच्या रस्त्याने थोडे चालतो, ज्याच्या त्याच्या वहीत वजन आणि रक्तातली साखर लिहून ठेवतो. वहिनी अजून गमतीने एखाद्याचा हात दाबून पाहतात. त्यांच्या गोळ्यांची डबी मात्र तेव्हा पिशवीतच असते, आणि जेवणाआधी ती उघडली की नाही, हे कोणीतरी विचारतोच.