कंबरदुखीची परीक्षा आणि रोग्यांची निवड

भिवंडींतील कामतघर हा वऱ्हाळा तलावाकांठचा, यंत्रमागांच्या खडखडाटांतला भाग. मागापुढें तासन्‌तास उभा राहणारा कामकरी कमरेवर हात ठेवून “कंबर दुखते” असें सांगतो. परंतु दुखतें तें नेमकें काय? मणक्यांमधील चकती, स्नायू, कीं कण्याच्या तळाचें त्रिकास्थि व श्रोणीचें हाड यांना जोडणारा त्रिकश्रोणि-सांधा? सोसणाऱ्यास सारींच दुखणीं सारखीं भासतात.

१९०५ सालीं अमेरिकेंतील गोल्डथ्वेट व ऑस्गुड या शस्त्रवैद्यांनीं या सांध्याकडे लक्ष वेधलें. १९३४ सालीं मिक्स्टर व बार यांनीं सरकलेल्या चकतीची पीडा दाखविली आणि सांधा मागें पडला. पुढें त्याची आठवण पुन्हा झाली. पण त्यावरील उपायाचा गुण पारखावयाचा तर रोगी कोणते घ्यावे?

केवळ क्ष-किरणांच्या चित्रावर विसंबतां येत नाहीं. झिजलेला सांधा दुखत नसतो आणि निर्दोष दिसणारा दुखत असतो, असें घडतें. म्हणून हातानें निरनिराळ्या रीतींनीं सांध्यावर ताण देतात. ३ किंवा अधिक रीतींनीं रोग्याच्या ओळखीची कळ उठली तर संशय बळावतो. मग क्ष-किरणांच्या साहाय्यानें सांध्यांत बधिर करणारें औषध टोंचतात. वेदना निदान निम्म्यानें, कडक कसोटीप्रमाणें ७५ टक्क्यांनीं, उतरली तर रोगी पात्र ठरतो. नुसत्या विश्वासानेंहि बरें वाटतें, म्हणून कित्येक ठिकाणीं सुई दुसऱ्यांदा देऊन खात्री करतात. क्षयानें सांधा पोखरलेले वा हाड मोडलेले रोगी आधींच वेगळे काढतात. त्यांचे उपचार निराळे.

ही चाळणी सैल ठेवली तर भलत्याच दुखण्याचे रोगी आंत येतात आणि चांगला उपायहि निरुपयोगी ठरतो. फार बारीक केली तर निष्कर्ष शुद्ध येतो, पण थोड्यांपुरता! दोन सुयांसाठीं खाडा करणें न परवडणारा मागवाला बाहेर राहतो. औषध मात्र उद्यां त्यालाहि दिलें जातें.

भारतांत २००९ पासून नव्या औषधांच्या अशा प्रयोगांची नोंद आधीं करणें बंधनकारक आहे. कोणास घेणार व कोणास वगळणार, हें त्या नोंदींत लिहावें लागतें. म्हणून “इतक्या टक्के रोग्यांस गुण आला” असें वाचतांच सुज्ञानें प्रथम विचारावें: कोणत्या रोग्यांस?