वर्ग सांभाळून लेखणी

अमरावती-अकोल्यात नेट-सेट झालेली, पीएच.डी. पूर्ण केलेली कितीतरी मुलंमुली आज सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. जेवढ्या तासिका तेवढं मानधन. उन्हाळ्यात तेही नाही. मग कुणी पुरवणीत लिहितं, कुणी आकाशवाणीसाठी संहिता करतं, कुणी भाषांतरं घेतं, कुणी यूट्यूबवर आपला विषय समजावून सांगतं. या कामाकडे आपली महाविद्यालयं वरकमाई म्हणून बघतात. मला ते अजिबात मान्य नाही.

विठ्ठल वाघ सरांकडे बघा. अकोल्यात मराठीचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. वऱ्हाडी बोली हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तीच बोली घेऊन ते कविसंमेलनांत उभे राहिले, आणि 1981च्या ‘अरे संसार संसार’ चित्रपटातलं त्यांचं तिफणीचं गाणं घरोघरी गेलं. वर्गासाठी एक विषय आणि लोकांसाठी दुसरा, असं त्यांनी केलं नाही.

उद्धव शेळक्यांची गोष्ट वेगळी. 1960ची ‘धग’ ही कादंबरी लिहिणारा हा अमरावतीचा लेखक लेखणीवर संसार चालवत होता, आणि त्यासाठी त्यांना खपणाऱ्या कादंबऱ्या भराभर लिहाव्या लागल्या. त्यांच्या पाठीशी थोडी निश्चिंती असती तर ‘धग’च्या तोलाचं आणखी काही मिळालं असतं, असं मला फार वाटतं. म्हणून वर्ग सोडू नका, असंच मी तरुणांना सांगतो.

लिहायचं काय? जे शिकवता तेच. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरला. अळी एकदा बोंडात शिरली की वरची फवारणी तिच्यापर्यंत का पोचत नाही, हे शेतकऱ्याच्या बोलीत सांगणाऱ्या कीटकशास्त्राच्या माणसाची तेव्हा खरी गरज होती. मेळघाटातल्या कोरकू बोलीवर काम करणाऱ्याकडे, खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्याकडे जे आहे, ते मुंबई-पुण्याच्या वार्ताहराकडे नाही.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण इथेच आपली माणसं गप्प बसतात. तुम्ही पगारी नोकर म्हणून न लिहिता स्वतंत्रपणे लेख लिहिला, तर 1957च्या कॉपीराइट कायद्यानं त्याचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तरीही आपले प्राध्यापक ‘छापून आलं, पुष्कळ झालं’ म्हणतात आणि वर्षभर सदर फुकट चालवतात! त्यानं स्वतःचं नुकसान होतंच; पण ज्याचं घर त्या मानधनावर चालतं, त्या सीएचबीवाल्याचा भावही पडतो. हे मला जास्त लागतं.

अमरावतीच्या विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेसारख्या शासकीय महाविद्यालयात कायम असाल तर 1979चे वर्तणूक नियम वाचा. कर्तव्याला बाधा न आणता प्रसंगोपात्त केलेल्या साहित्यिक, कलाविषयक, शास्त्रीय कामाला त्यात मोकळीक आहे. नियमित व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते. अनुदानित महाविद्यालयात असाल तर विद्यापीठाचे आणि संस्थेचे नियम आधी विचारून घ्या.

आणि उद्या एखाद्या संपादकाचा फोन आला, तर लेख किती शब्दांचा हे विचारण्याबरोबरच मानधन किती आणि कधी मिळणार, हेही विचारा. उत्तर लेखी मागा.