अर्ध्या मैलाचं शेजारपण



आपल्याकडे शेतकरी पूर्वापार गावात राहत आला आणि शेत कसायला शिवारात जात आला. घरं गावठाणात, भिंतीला भिंत लागून. आता मळ्यात, वस्तीवर घर बांधून राहणारे पुष्कळ झाले, पण तिथंही हाळी दिली तर ओ देणारं कुणी ना कुणी असतं. आज मी ज्या मुलखाबद्दल बोलणार आहे, तिथली मांडणीच उलटी होती. अमेरिकेच्या मधोमध, मिसुरी नदीच्या दोन्ही अंगांना, प्रेअरी नावाचा अफाट गवताळ माळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं लाखो कुटुंबं शेती करायला गेली. त्यांनी सोसलेली थंडी, दुष्काळ, टोळधाडी यांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला मात्र वाचताना सतत एक गोष्ट डाचत राहते, ती म्हणजे घराघरांमधलं अंतर. थंडी आणि टोळ निसर्गानं दिले होते. हे अंतर सरकारी कायद्यानं घालून दिलं होतं.

१८६२ च्या मे महिन्यात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, एकट्या बाईलासुद्धा, आणि नागरिक होणार असं लिहून देणाऱ्या परदेशी माणसालाही १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. किंमत काही नाही. कागदपत्रांची फी तेवढी भरायची, सगळी मिळून अठरा डॉलरच्या आसपास. अटी दोन: जमीन वहितीखाली आणायची आणि पाच वर्षं त्याच जमिनीवर घर करून राहायचं. ही दुसरी अट वरवर साधी वाटते. पण मोजणी खात्यानं सगळा माळ आधीच चौकोनांत आखून ठेवला होता. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद तुकडा. जो तो आपल्याच तुकड्यावर राहणार म्हटल्यावर गाव बसणार कुठं? त्यात मधले कित्येक तुकडे रेल्वे कंपन्यांना दिलेले, कित्येक सट्टेवाल्यांनी अडवून ठेवलेले. रात्री लांबवर एखादा दिवा दिसला तरी बरं वाटावं, अशी गत.

एका कुटुंबाची हकिगत सांगतो. व्हर्जिनिया हा पूर्वेकडचा डोंगराळ, झाडीचा मुलूख. तिथलं कॅथर घराणं मेंढ्या पाळणारं, खाऊनपिऊन सुखी. आजोबा आणि काका आधीच पश्चिमेला, याच माळावरच्या नेब्रास्कात जाऊन स्थिरावले होते. इकडे मेंढ्यांचा गोठा जळाला आणि धाकट्या पातीनंही निघायचं ठरवलं. १८८३ च्या वसंतात आईवडील, चार मुलं, आजी, नात्यातली आणि कामाची माणसं असा सगळा कबिला रेड क्लाउड नावाच्या स्टेशनावर उतरला. तिथून आजोबांच्या घरापर्यंत घोडागाडीचा प्रवास. थोरली मुलगी विला नऊ वर्षांची. गाडीच्या तळाशी गवत पसरलेलं, त्यावर ती कडेला धरून बसली होती. ही विला पुढे मोठी कादंबरीकार झाली, १९२३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या दिवसाबद्दल तिनं नंतर सांगून ठेवलं आहे. नव्या मुलखात हिंमत धरावी लागते, असं वडिलांच्या तोंडून तिनं ऐकलं होतं, म्हणून रडायचं नाही एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. आणि ते जमलंही असतं. पण मधूनच गवतातून एखादा चंडोल उडायचा, चार सूर गायचा आणि पुन्हा गवतात गडप व्हायचा. दर वेळी तिला वाटायचं, आता आपला बांध फुटतो. झाडं नसलेल्या, डोंगर नसलेल्या त्या सपाटीवर जे कशाचीच आठवण करून देत नव्हतं, ते तिनं सोसलं. त्या पाखरानं मात्र तिला कशाची तरी आठवण करून दिली; कशाची, ते तिचं तिलाही सांगता आलं नाही.

कॅथरांच्या आजोबांचं घर लाकडी होतं. पण आसपासच्या बहुतेकांना ते परवडणारं नव्हतं. ओढ्याकाठचे थोडे कॉटनवुड सोडले तर माळावर झाड नाही, मग फळी कुठून आणणार? माणसांनी पायाखालच्या जमिनीचंच घर केलं. प्रेअरीच्या गवताची मुळं दहा फुटांच्याही खाली जातात, आणि वरचा थर त्या मुळांनी असा घट्ट विणलेला असतो की नांगराला दाद देत नाही. हाच थर खास बनावटीच्या नांगरानं फूटभर रुंद, चार बोटं जाड अशा पट्ट्यांत सोलून काढायचा, कुदळीनं दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि ते गवताची बाजू खाली करून भिंतीवर रचायचे. गवत खाली ठेवलं की मुळं खालच्या तुकड्यात शिरतात, भिंत एकजीव होते. सबंध घराला अर्ध्या ते एक एकरावरची माती लागायची. भिंती दोन-तीन फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात घर गार आणि थंडीत उबदार. खिडकीची कड इतकी खोल की बायका तिथं फुलझाडांच्या कुंड्या ठेवत.

हे झालं चांगलं. पाऊस आला की छपरातून चिखल गळायचा, आणि बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला दोन-दोन दिवस चालू राहायचा. चुलीवरच्या भांड्यावर छत्री धरून स्वयंपाक केल्याच्या आठवणी किती तरी जणींनी लिहून ठेवल्या आहेत. उंदीर यायचे, साप यायचे. ते अंथरुणावर पडू नयेत म्हणून छताखाली मांजरपाट ताणून बांधायचा. आणि जळण? लाकूड नाहीच. मक्याची बुरकुंडं, पिळून घट्ट केलेलं गवत, नाहीतर माळावर वाळून पडलेलं रानगव्यांचं आणि गुरांचं शेण. पूर्वेकडून आलेल्या बायका आधी ते चिमट्यानं उचलत, मग फडक्यानं, मग हातानं, आणि पुढे पुढे हात न धुताच भाकरीकडे वळत. गोवऱ्यांवर जन्म काढलेल्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

सॉलोमन बुचर नावाचा एक छायाचित्रकार होता. १८८६ पासून त्यानं नेब्रास्कातल्या कस्टर परगण्यात गाडी हाकत घरोघर जाऊन या कुटुंबांची छायाचित्रं घेतली. त्यातलं एक मी विसरू शकत नाही. हिल्टन नावाचं कुटुंब उघड्या अंगणात उभं आहे आणि त्यांच्यामध्ये एक पायपेटीचा मोठा, नक्षीदार ऑर्गन आहे. बाईंना हे छायाचित्र गावाकडच्या नातेवाइकांना धाडायचं होतं. आपण मातीच्या घरात राहतो हे त्यांना दिसू नये, पण आपल्याकडे ऑर्गन आहे हे मात्र दिसावं, म्हणून तो जड ऑर्गन ओढून बाहेर आणला, छायाचित्र झालं आणि पुन्हा ओढून आत नेला. त्या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो. हजार मैलांवरच्या माणसांना सांगायचं होतं, की आमचं बरं चाललंय.

सगळ्यांचं बरं चाललं नाही. कॅथर यायच्या तीन वर्षं आधी, १८८० च्या थंडीच्या तोंडावर बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, सॅडिलेक कुटुंब त्यांच्याच वेबस्टर परगण्यात आलं. सुंदर घरं, भरपूर झाडी असं काहीतरी वडिलांच्या कानावर आलं होतं. प्रत्यक्षात हाती आलं ते जमिनीत खोदलेलं बीळवजा घर आणि बर्फ. भाषा कुणाची कळेना, बोलायला माणूस दिसेना. फेब्रुवारी १८८१ मध्ये एके दिवशी वडील सशांच्या शिकारीला जातो म्हणून बंदूक घेऊन निघाले. ते परत आले नाहीत. त्यांनी जीव दिला होता. दफनभूमीत त्यांना जागा मिळाली नाही. जमिनीच्या कोपऱ्याशी पुरावं लागलं. त्यांची मुलगी ॲनी तेव्हा लहान होती. तिनं पुढे पुरुषाच्या बरोबरीनं शेतात काम केलं, रेड क्लाउडमध्ये लोकांकडे घरकाम केलं, लग्न केलं, मोठा संसार केला, आणि त्याच माळावर फळांच्या बरण्यांनी भरलेल्या तळघराची मालकीण झाली. विला कॅथरच्या १९१८ सालच्या ‘माय अँटोनिया’ या कादंबरीतली नायिका हिच्यावरून घेतलेली आहे.

एकाच परगण्यातली ही दोन घरं. कॅथर कुटुंब दीड वर्षात शेती सोडून रेड क्लाउड गावात राहायला गेलं, वडिलांनी कर्जाचा आणि विम्याचा धंदा काढला. सॅडिलेकांना जायला दुसरी जागा नव्हती, ते राहिले. टिकून राहिलेल्यांचं कौतुक करताना आपण हे विसरतो, की कित्येकांना परतीचं भाडंच परवडणारं नव्हतं.

अंतर जीवही घेत असे. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ थंडीच्या मानानं इतकी उबदार होती, की मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. दुपारी अचानक हिमवादळ आलं. वारा असा, की पुढचा हात दिसेना. शाळा आणि घर यांच्यामध्ये उघडा माळ, वाटेत एकही दार नाही. नेब्रास्का, डाकोटा आणि भोवतालच्या भागात मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं फार. गावठाण असतं तर त्यांतली बहुतेक वाचली असती, असं मला खात्रीनं वाटतं.

आणि या माळावर गावं नव्हतीच असंही नाही. ज्या वेबस्टर परगण्यात कॅथर उतरले, तिथंच रिपब्लिकन नदीच्या काठी पॉनी जमातीचं मोठं गाव होतं. मातीचे मोठे गोल वाडे जवळजवळ बांधलेले, एकेका वाड्यात अनेक कुटुंबं, काठाला मक्याची आणि भोपळ्याची शेतं. वर्षातून दोनदा सगळं गाव मिळून गव्यांच्या शिकारीला जाई. १८०६ मध्ये लेफ्टनंट पाइक या लष्करी अधिकाऱ्यानं त्या गावाला भेट दिल्याची नोंद आहे. रोग, शत्रूंचे हल्ले आणि सरकारशी झालेले करार यांनी पॉनींची जमीन आक्रसत गेली, आणि १८७० च्या दशकाच्या मध्यावर उरलेल्यांना दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. कॅथर आले त्याच्या आठ-नऊ वर्षंच आधी. फुकट मिळणारी जमीन मोकळी कशी झाली, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत मला पुरी करता येणार नाही. त्या माळावर कसं राहावं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाच तिथून उठवलं होतं.

नव्या माणसांनी मग आपापल्या परीनं वाट काढली. चार तुकड्यांचे कोपरे जिथं मिळतात तिथं चौघांनी चार घरं बांधायची. प्रत्येकजण आपल्याच जमिनीवर, कायदाही खूश. १८७४ मध्ये रशियातून कॅन्ससला आलेल्या मेनोनाइट पंथाच्या लोकांनी तर जुन्या सवयीनं एका रस्त्याच्या दुतर्फा घरं बांधून गावंच वसवली, पण चौकोनी मोजणीपुढे ती फार वर्षं टिकली नाहीत. मळणीच्या हंगामात यंत्र शेतोशेत फिरायचं आणि पंचक्रोशीतले गडी त्याच्यामागून. ज्या घरी मळणी, त्या घरच्या बायांवर वीस-पंचवीस पानांचा स्वयंपाक. शाळेची एक खोली दिवसा शाळा, रविवारी चर्च आणि शनिवारी रात्री वादविवादाची किंवा नाचाची जागा. छोटी विला तट्टावर बसून शेजारच्या स्वीडिश, चेक, जर्मन म्हाताऱ्यांकडे जायची आणि त्या लोणी काढताना, पाव भाजताना बघत बसायची. त्यांचं इंग्रजी तोडकं, तरी तिला त्यांचं सगळं कळतंय असं वाटायचं. तिच्या कादंबऱ्यांचं बी त्या स्वयंपाकघरांत पडलं.

मग काटेरी तार आली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडननं तिचं पेटंट घेतलं आणि माळभर कुंपणं उभी राहिली. ही कुंपणंसुद्धा लोकांनी अंतर तोडायला वापरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी कुंपणाच्या वरच्या तारेलाच टेलिफोन जोडले. तार खांबाला थेट लागू नये म्हणून काचेच्या बाटल्यांची तोंडं बसवायची. घंटा सगळ्यांकडे एकदमच वाजायची. दोन लांब एक आखूड वाजली तर अमक्याचा फोन, एवढं ठरलेलं. अर्थात सगळेच फोन उचलून ऐकत. पावसात तार भिजली की आवाज बसायचा.

आणि त्यानंतर, श्रोतेहो, आकाशवाणी आली. आयोवा राज्यात शेनंडोआ नावाचं छोटं गाव आहे. हेन्री फील्ड या बियाणं विकणाऱ्या माणसानं १९२४ मध्ये तिथं रेडिओ केंद्र काढलं. त्याची बहीण लिआना ड्रिफ्टमायर १९२६ पासून शेतकरणींसाठी बोलू लागली. तिच्या कार्यक्रमाचं नाव पुढे ‘किचन क्लॅटर’ पडलं. १९३० मध्ये मोटारीच्या अपघातात तिच्या पाठीचा कणा मोडला, तर तिनं घरूनच बोलायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं चाकाच्या खुर्चीवरून ती बोलत राहिली. मोठा विषय कधीच नाही. आज घरात काय शिजलं, धाकट्याचा खोकला कसा आहे, बागेत काय उगवलं, लोणच्याला किती साखर. ऐकणाऱ्या बाया तिला पत्रांतून आपापल्या कृती पाठवत, आणि ती त्या पुढे सांगे, लिहून घेता यावं इतक्या सावकाश. तिच्यानंतर तिच्या मुलीनं तो कार्यक्रम चालवला, १९८० च्या दशकापर्यंत.