फोटो उतरला, घर राहिलं

आजचा भाग चित्रं काढण्याबद्दल आहे. मी काही आर्टिस्ट नाही हं. बी.टेक. केलेला साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर कोड आणि रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास स्केचबुक. आज बोलायचंय ते रेफरन्सबद्दल, म्हणजे समोर फोटो ठेवून आपण चित्र काढतो ना, त्याबद्दल.

तीन वर्षांत माझी पाच स्केचबुकं भरली. पद्धत एकच. पिंटरेस्टवरचा फोटो उघडायचा आणि रेघ न् रेघ उतरवायची. मित्र म्हणायचे, "अरे, अगदी फोटोसारखं!" मला जाम भारी वाटायचं.

मग मागच्या वर्षी माझं आजोळचं घर पाडलं. कोकणातलं कौलारू घर, पुढे पडवी, अंगणात तुळस. माझ्याकडे त्याचा एकच धड फोटो होता, मोबाइलवर घाईत काढलेला. म्हटलं, आजीला याचं चित्र देऊ. चार रात्री बसलो, अक्षरशः कौलं मोजून काढली. आजीने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान काढलंयस रे. पण घर असं कलल्यासारखं का दिसतंय? आणि पडवीत एवढा काळोख कुठे होता? दुपारची मी तिथेच तर तांदूळ निवडत बसायचे."

खरं सांगू? मला रागच आला. फोटोत तसंच आहे, मी काय करू! पण रात्री फोटो परत उघडला आणि कळलं, आजीचं बरोबर होतं.

मी घराच्या अगदी जवळ उभा राहून मोबाइल वरच्या बाजूला कलता धरला होता. कॅमेरा असा तिरका केला की सरळ उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. म्हणून खांब कललेले. बाहेर कडक ऊन होतं, कॅमेऱ्याने उजेड उन्हाच्या हिशोबाने धरला, म्हणून पडवी काळी. आपल्या डोळ्यांना मात्र त्या सावलीतलंही सगळं दिसतं. आणि मी या सगळ्या चुका इमानेइतबारे कॉपी केल्या होत्या. ऑफिसात आपण नेटवरून कोड उचलतो, चालतोय म्हणून ठेवतो, आणि एक दिवस तो फुटला की कळतं, आपल्याला तो समजलाच नव्हता. सेम केस.

यावरून एक किस्सा आठवला. साल १५१५. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला. तिकडे जर्मनीत, न्यूरेंबर्गमध्ये, आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा मोठा चित्रकार होता. त्याने तो गेंडा कधीच पाहिला नाही. कुणीतरी लिहिलेलं वर्णन आणि एक स्केच, एवढाच त्याचा रेफरन्स. त्यावरून त्याने चित्र केलं आणि लाकडी ठशातून छापलं. कातडीच्या घड्या चिलखतासारख्या आणि पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग! तरी पुढे दोनशेहून जास्त वर्षं युरोपातले लोक गेंडा म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर आणायचे.

मुद्दा काय, तर रेफरन्स कधीच पूर्ण नसतो. उरलेलं आपणच भरतो, एकतर समजून किंवा अंदाजाने. ड्यूररला तो गेंडा बघायची सोय नव्हती. माझं घरही गेलं होतं, पण विचारायला आजी होती.

मग सहावं स्केचबुक सुरू केलं, फक्त त्या घरासाठी. आजीला रोज फोन. खांब किती? पायऱ्या किती? ती म्हणाली, "तुझा मामा हात वर करायचा तर वाशाला लागायचा." झालं, उंची मिळाली. "अंगणातलं ऊन उलटून पडवीत यायचं." उजेडही मिळाला.

मी काय करत गेलो ते सांगतो, तुम्हालाही जमेल. एक, पेन्सिल उचलायच्या आधी दोन मिनिटं फोटोला प्रश्न विचारायचे. उजेड कुठून येतोय? कॅमेरा किती उंचीवर आहे? मागे काय लपलंय? दोन, वस्तू साध्या खोक्यांत मांडायची आणि फोटोत नाही अशा बाजूने काढून बघायची. ती फिरवता आली, तर समजली. तीन, फोन पालथा ठेवून आठवणीने काढायचं, मग फोटो बघून लाल पेनाने दुरुस्त करायचं. लाल पेन जिथे जास्त फिरतं, तिथे आपण नीट पाहिलेलंच नसतं.

या स्केचबुकातली निम्मी पानं कुणाला दाखवण्यासारखी नाहीत. पण आधीच्या पाच वह्यांनी मिळून शिकवलं नाही, ते या एकीने शिकवलं.

शेवटी नवीन चित्र आजीला दिलं. या वेळी ते कुठल्याच फोटोसारखं नव्हतं. तिने पडवीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझं सूप राहिलं बघ इथे."

बसल्या बसल्या काढून दिलं.

तर मंडळी, आज नेटवरचा नको, तुमच्याच गॅलरीतला एक फोटो घ्या आणि त्यातल्या जागेबद्दल घरात कुणाला तरी विचारा. मग चित्र काढा. कसं झालं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!