अंगठा मारला म्हणजे जमीन गेली का?
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



आमच्या पाड्यावरच्या एका आजाने नातीच्या लग्नासाठी शेठकडून पैसे उचलले. शेठने स्टॅम्पावर अंगठा घेतला, वाचून कोणी दाखवलं नाही. आता शेठ म्हणतो, जमीन मला विकली, सरकारी कागद आहे. आजा घाबरला. गेल्या पावसात नांगर घेऊन शेतावर गेलाच नाही. भाताची जमीन पडीक राहिली.

शेठने कागद हातात दिला नाही, पण वाचू दिला. आम्ही पोरांनी तो वहीत उतरवला आणि तालुक्याला जाऊन चौकशी केली.

स्टॅम्पावर सरकारचा छाप बघून आपण भितो. पण तो छाप म्हणजे सरकारने घेतलेला कर. आत काय लिहिलंय ते सरकारने बघितलेलंही नसतं. 100 रुपये किंवा जास्त किमतीची जमीन विकली तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे कागद रजिस्टर कचेरीत नोंदवावाच लागतो, तोही चार महिन्यांत. तिथे देणाऱ्याने कबूल करायचं असतं की होय, हा कागद मी केला. आजा त्या कचेरीची पायरी चढलेला नाही, दुसऱ्या कोणाला त्याने पाठवलेलंही नाही. मग विक्री कसली?

बरं, नोंदवला असता तर? तरी चालला नसता. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ आडवं येतं. 6 जुलै 1974 पासून आधी कलेक्टरची परवानगी पाहिजे, आणि विक्री असेल तर कलेक्टरलाही आधी सरकारची मान्यता घ्यावी लागते. गहाण, भाडेपट्टा, बक्षीस, अदलाबदल, सगळं त्यात आलं. हे शेठ लोकांना आपल्याआधी ठाऊक आहे. म्हणून तर ते कागद दाखवतात, हातात देत नाहीत!

शेठ आता सातबाऱ्यावर नाव चढवायला बघेल. तलाठ्याची नोटीस लागली की 15 दिवसांत हरकत द्यायची. तोंडी नाही, लेखी. आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच देणं तलाठ्याचं कामच आहे, उपकार नाही.

आजाने पैसे घेतले हे खरं. ते फेडू. पण कर्ज वेगळं, जमीन वेगळी.

यंदा आजा पेरणार आहे, आम्ही सोबत जाणार. तुमच्यापैकी कोणी असा अंगठा दिला असेल तर लाजू नका, पुढच्या बैठकीला सातबारा घेऊन या.