कागद पावसाळ्यातच करा

श्रोतेहो, दसरा सरला की धारूरच्या वाड्यावस्त्यांवर मुकादमाच्या गाड्या लागतात. बिऱ्हाड बांधून माणसे उसाला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. मागे राहते म्हातारी, आणि कुठे कुठे शाळेतले पोर. त्या पोराला इंजिनिअर व्हायचे असेल तर काय करावे, एवढेच आज बोलायचे आहे.

शिक्षणाच्या खर्चाला सरकारी शिष्यवृत्ती आहे. ती आली कुठून, हे आधी ऐका. १९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांनी सरकारला निवेदन दिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अनुसूचित जातींचे फारसे भागायचे नाही, विज्ञान आणि तंत्रविद्या हवी, आणि ती तर त्यांच्या ऐपतीबाहेरची, असे त्यांचे म्हणणे. देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. १९१३ साली ते स्वतः बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले होते. पैशावाचून काय अडते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. पुढे इतर मागास वर्गांसाठीही तशा योजना निघाल्या.

तेव्हा पैशाची सोय आहे. घोडे अडते ते कागदापाशी. "पोरगं हुशार हाय, पण कागूद न्हाय," हे आपल्याकडे नेहमीचेच. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला जुना पुरावा हवा: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आता आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर महसुली दप्तर धुंडाळायचे, आणि त्यातले कित्येक कागद उर्दूत! हे काही एका दिवसाचे काम नव्हे.

म्हणून गुरुजी, विनंती तुम्हाला आहे. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञानात असतानाच कॉलेजामार्फत करता येतो. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अर्जाबरोबर बापाचे शपथपत्र लागते, आणि कार्तिकात बाप सापडतो कुठे? तो कुठल्या तरी कारखान्याच्या फडात! तहसिलातला उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले मुलाचे बँकखाते, हेही बाप घरी असतानाच करून घ्यावे. आणि मुलींचे कागद मुलांच्या आधी करा. दहावी झाली की त्यांच्या लग्नाची बोलणी निघतात.

सध्या माणसे घरी आहेत. येत्या सोमवारी दहा-पाच बापांना शाळेत बोलवा, आणि येताना घरातली जुनी पेटी उघडून या म्हणावे.